एक दशांश मिलिमीटर

कळंबोलीत लोखंड टनांच्या हिशेबात बोललं जातं. मुंबईतल्या दारूखाना, कर्नाक बंदर भागातला लोखंडाचा व्यापार शहराबाहेर आणण्यासाठी सिडकोनं इथे पोलाद बाजार वसवला. तेव्हापासून कॉइल, अँगल, चॅनेल आणि सळ्या वाहणाऱ्या ट्रेलरशिवाय आमचे रस्ते ओळखूही येणार नाहीत. इथे राहून मी ज्या मापाच्या मागे असते ते मात्र केसाच्या जाडीच्या आसपासचं आहे. हूड, फिल्टर, स्टेप-अप रिंग, जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारा अडॅप्टर, अशा लेन्सवर चढणाऱ्या वस्तू नीट का बसत नाहीत आणि त्या बसवायच्या कशा, यात माझा जीव रमतो. खाडीवरच्या पक्ष्यांचे फोटो काढता काढता हे वेड लागलं आणि आज ते मूळ छंदाच्या बरोबरीला आलं आहे. त्यातून जे उमगलं ते असं.

१. हूड हा लेन्सचाच भाग आहे, हे मला खाडीनं शिकवलं. हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात तेव्हा सीवूड्स-नेरूळच्या पाणथळीवर सकाळचा सूर्य अगदी खाली असतो आणि ओल्या चिखलावरून तो पुन्हा वर उसळतो. फोटोच्या चौकटीत नसलेला हा उजेड तिरपा येऊन पुढच्या काचेवर पडतो, आत भिंगाभिंगांमधून परावर्तित होत राहतो आणि सगळ्या चित्रावर पांढुरकी साय धरतो. पिसांतला गुलाबी रंग फिकट होतो, काळं करडं होतं. संगणकावर कॉन्ट्रास्ट वाढवता येतो, पण त्या सायीखाली बुडालेले बारीक फरक परत मिळतीलच असं नाही. हूडचं काम एवढंच, की चित्राला नको असलेला उजेड दारातच अडवायचा. तो डुगडुगत असेल, चालताना फिरत असेल, तर नेमक्या क्षणी तो भलत्याच जागी असतो. ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ साली झाली आणि २०२२ मध्ये या खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. ज्या जागेला जगानं एवढं मानलं, तिथला उजेड जसा आहे तसा टिपण्यासाठी पन्नास-शंभर ग्रॅमच्या प्लॅस्टिकची नीट काळजी घेणं मला मुळीच जास्त वाटत नाही.

२. बिघाड कुठे आहे ते फोटो स्वतःच सांगतो. पाकळ्यांचा हूड तसा का कापलेला असतो, हे कळल्यावर मला केवढा आनंद झाला होता! लेन्स गोल, पण चित्र आयताकृती. आयताचे कोपरे मध्यापासून सर्वांत लांब, म्हणून कोपऱ्यांकडून येणाऱ्या किरणांना वाट हवी. त्यासाठी हूडला तिथे खोल खाचा. वरच्या-खालच्या बाजू मध्याला सर्वांत जवळ, म्हणून तिथल्या पाकळ्या लांब. आता हूड काही अंश फिरला, की या लांब पाकळ्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत डोकावतात. चित्राचे कर्णावरचे दोन कोपरे काळवंडले, तर हूड फिरलेला आहे. चारही कोपरे सारखेच काळे, तर हूड त्या लेन्सचा नाही किंवा आत एकावर एक फिल्टर चढलेत. एकच बाजू दबलेली, तर हूड कललेला आहे. यासाठी पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा एक फोटो पुरतो. तो एफ/११ किंवा एफ/१६ वर काढावा, कारण छिद्र मोठं असताना ही सावली मऊ असते आणि लेन्सच्या स्वतःच्या कडेच्या अंधारात मिसळून जाते. छिद्र लहान केलं की तिला स्पष्ट कड येते. वस्तू हातात घेऊन हलवून पाहण्याआधी मी आता हा फोटो काढते.

३. ‘सैल आहे’ एवढं म्हणून भागत नाही. कोणत्या दिशेनं सैल, हा खरा प्रश्न. हे मला तळोजा एमआयडीसीच्या बाजूला लेथवर काम करणाऱ्या एका मिस्त्रींनी शिकवलं. हूड हातात घेऊन त्यांनी तो आधी फिरवला, मग दोन बाजूंना डोलवला, मग पुढे ओढून पाहिला, आणि म्हणाले, “ताई, हा फिरतोय, हलत नाही. म्हणजे दात चांगले आहेत, खटका गेलाय.” बायोनेट हूडमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी काम करतात. दात लेन्सच्या खाचांत शिरून हूडला मागेपुढे धरतात आणि एक लहानसा उंचवटा जागेवर येताच ‘टक’ करून त्याचं फिरणं थांबवतो. डोलण्याचं कारण दातांत शोधायचं, फिरण्याचं त्या उंचवट्यात. त्यांनी आणखी एक युक्ती दाखवली. दातांवर मार्करची शाई लावायची, हूड चढवून उतरवायचा आणि शाई कुठे पुसली गेली ते पाहायचं. जिथे पुसली तिथेच स्पर्श होतोय. फिटर मंडळी निळा रंग लावून दोन पृष्ठभागांचा मेळ असाच तपासतात. डोलणाऱ्या दुसऱ्या एका हूडवर हे करून पाहिलं, तर ज्या भागाला मी दोष देत होते त्यावरची शाई जशीच्या तशी राहिली आणि भार सगळा एकाच दातावर होता. त्या दातावरची साच्यातली बारीकशी कड पॉलिश पेपरनं घासली आणि बाकीचे दात आपोआप कामाला लागले.

४. हूडचं माप ऋतूप्रमाणे बदलतं. मे महिन्यात सैल वाटणारा हूड जानेवारीत नीट का बसतो, याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात होतं. दर अंश सेल्सिअसला ॲल्युमिनियम दर मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं, पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक ६५ ते ७०. एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर कळंबोलीच्या उन्हात काढला आणि काळी वस्तू २० अंशांनी तापली असं धरा. ८० मि.मी. व्यासाचा प्लॅस्टिकचा हूड सुमारे ०.१ मि.मी. फुगतो आणि आतली ॲल्युमिनियमची नळी ०.०४ मि.मी.पेक्षाही कमी. हूड बाहेरून पकडतो, म्हणजे पकड तेवढी ढिली होणार. हा फरक कागदाच्या जाडीपेक्षाही कमी आहे, पण बोटांना तो लगेच कळतो. त्यामुळे दुरुस्ती कोणत्या वेळी करायची, यालाही अर्थ आहे. थंड खोलीत अगदी घट्ट बसवलेली वस्तू उन्हात बरोबर बसते, आणि उन्हात घट्ट केलेली वस्तू घरी आल्यावर हलायचं नाव घेत नाही. मी आता दोन्ही वेळा पाहते: एकदा सकाळी घरात आणि एकदा गच्चीवर दुपारच्या उन्हात.

५. भर घालायचीच तर ती काढता येईल अशी आणि स्वस्त बाजूला घालावी. लेन्सला हात लावायचा नाही. जे करायचं ते हूडवर. यासाठी लागणारं सामान कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, हे मला फार सुखद वाटलं. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती टेफ्लॉन टेप साधारण ०.०७५ ते ०.१ मि.मी. जाड असते, तिला गोंद नसतो आणि ती घसरती असते. दात सगळीकडून झिजले असतील, तर तिचा एक वेढा अनेकदा पुरतो. खटक्याचा उंचवटा झिजला असेल, तर त्यावर रंगहीन नेलपॉलिशचा थेंब द्यावा, पूर्ण वाळू द्यावा, बसवून पाहावं, लागल्यास दुसरा थर द्यावा. एक थर काही शतांश मिलिमीटरचा, म्हणजे माप हळूहळू गाठता येतं आणि जास्त झालं तर पॉलिश पेपरनं घासून कमी करता येतं. रिमूव्हर टाळावा, त्यातला ॲसिटोन प्लॅस्टिकलाच खातो. विजेची काळी टेप मी टाळते. ती जाड असते आणि उन्हात तिचा गोंद पाझरतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदापासून तर लेन्स दूरच ठेवावी. तो सुकताना निघणाऱ्या वाफा जवळच्या काचेवर आणि काळ्या प्लॅस्टिकवर पांढरा थर धरतात. नवी भर घातली की एक दिवस तशीच वापरून मगच तिच्याबद्दल मत बनवते, कारण पहिल्या काही चढउतारांत ती दबून आपली जागा घेते.

६. आटे जुळलेत असं दिसणं आणि ते जुळलेले असणं, यात फार अंतर आहे. फिल्टरवर ७७ असं लिहिलेलं असतं तो व्यास झाला. दोन आट्यांमधलं अंतर त्यात येत नाही. नेहमीच्या, म्हणजे ४९ ते ८२ मि.मी.च्या फिल्टरांना ते ०.७५ मि.मी. असतं. लहान फिल्टरांना ०.५ आणि फार मोठ्यांना १ मि.मी. सापडतं. जुन्या लेन्सांच्या जगात याहून गमतीचं उदाहरण आहे. लायकाच्या जुन्या ३९ मि.मी. माउंटला, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडते त्या जागेला, इंचाला २६ आटे, म्हणजे ०.९७७ मि.मी.चं अंतर. रशियन झेनिटच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांनाही ३९ मि.मी., पण अंतर पूर्ण १ मि.मी. पहिला वेढा लोण्यासारखा जातो. दर वेढ्याला फक्त ०.०२३ मि.मी. फरक पडतो, पण चार वेढ्यांत तो दशांश मिलिमीटरच्या जवळ पोचतो आणि आटे एकमेकांना चावू लागतात. म्हणून कोणतीही रिंग चढवताना मी आधी ती उलट्या दिशेनं फिरवते. एका आट्याची सुरुवात दुसऱ्याच्या सुरुवातीशी आली की बोटाला हलकासा ‘टक’ जाणवतो. तिथून सरळ फिरवायची, तीही दोन बोटांनीच. तळहात वापरावासा वाटला, की थांबायची वेळ झाली असं समजते.

७. अडकलेली रिंग जोरानं अधिकच अडकते. ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासलं की ते एकमेकांना धरून बसतं. पितळी रिंग महाग असल्या तरी याच कारणासाठी मला त्या पटतात. खाडीकडची खारट, दमट हवा आणि आट्यांत गेलेली धूळ यांची त्यात भर पडते. अशा वेळी बोटं आपसूक दोन बाजूंनी चिमटा घेतात. पातळ रिंग दोन टोकांनी दाबली की ती लंबगोल होते आणि उरलेल्या दोन ठिकाणी आट्यांत रुतते. जितकं दाबावं तितकी ती घट्ट. कासार बांगडी भरताना बांगडीवर जोर लावत नाही, हात मऊ करून घेतो, तशी इथे दाब पसरवण्याची कला लागते. रबरी चपलेचा स्वच्छ धुतलेला सपाट तळ रिंगच्या पूर्ण कडेवर टेकवायचा, हलका दाब द्यायचा आणि लेन्स फिरवायची. सगळ्या परिघाला सारखी पकड मिळते, रिंग गोलच राहते आणि बहुतेक वेळा सुटते. तेलाचे फवारे मी लेन्सच्या आसपास आणत नाही, ते झिरपून छिद्राच्या पात्यांपर्यंत जातात. पेन्सिलीचं ग्राफाइट लावा असं सांगणारे भेटतात. कोरड्या गावी ते ठीक असेल, पण खारट ओलाव्यात ग्राफाइटला टेकलेलं ॲल्युमिनियम लवकर गंजतं. इथल्या हवेला मेणाचा पुसट हात बरा. आणि सर्वांत चांगलं म्हणजे पावसाळ्यात फिल्टर महिनोन्‌महिने लेन्सवर ठेवायचाच नाही.

८. काही ठिकाणी एक दशांश मिलिमीटर म्हणजे शेकडो मीटर असतात. जुन्या एम४२ लेन्सचं माउंट फिल्मपासून ४५.४६ मि.मी.वर असतं. कॅननच्या ईएफ कॅमेऱ्यात हे अंतर ४४, म्हणून मधला अडॅप्टर १.४६ मि.मी.चा. सोनीच्या ई माउंटला हे अंतर १८, म्हणून तिथे २७.४६. हा अडॅप्टर ०.१ मि.मी. जाड झाला तर काय होईल, याचं गणित मी मांडलं आणि थक्क झाले. ५० मि.मी.ची लेन्स मग सुमारे २५ मीटरच्या पलीकडे फोकस करू शकत नाही. २८ मि.मी.ची लेन्स आठ मीटरवरच थांबते. आणि १३५ मि.मी.ची १८० मीटरपर्यंत जाते, म्हणून तिच्यात हा दोष ध्यानातही येत नाही. पक्ष्यासाठी चालून गेलेला अडॅप्टर कर्नाळ्याच्या सुळक्याचं रुंद चित्र घेताना नापास होतो, तो यामुळे. बरेच अडॅप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवलेले असतात. मग लेन्स अनंताच्याही पुढे जाते, तिच्यावर कोरलेले आकडे खोटे ठरतात, पण फोटो तरी मिळतो. पातळ अडॅप्टर सुधारणं सोपं आहे. थंड पेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मि.मी. असतो. त्याची कडी कापून, कडांची धार काढून, सपाट करून मध्ये घालायची आणि दूरच्या मनोऱ्यावर फोकस तपासायचा. कडी सगळीकडे सारखी बसायला हवी, नाहीतर चित्राची एक बाजू धूसर राहते. जाड अडॅप्टरला मात्र लेथवरच जावं लागतं.

९. जे बाजारात मिळत नाही ते आपल्या माणसांकडून बनवून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, तेव्हा कच्च्या फिल्मला कडेची भोकं घरीच पाडावी लागत. ते काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करत. कॅमेऱ्याचा आकडा ज्या भोकांत शिरतो त्यांचं अंतर चुकलं, तर पडद्यावर चित्र थरथरणार. म्हणजे १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मागे मापाचं हे घरगुती, अंधारातलं कामही उभं आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सहकाऱ्यांसह कॅमेराच घडवला आणि १९२० चा ‘सैरंध्री’ त्यावर चित्रित झाला. माझी गरज त्यापुढे किती लहान! मला एका जुन्या लेन्ससाठी हूड धरणारी कडी हवी होती. मिस्त्रींच्या भोवती सगळं काम सुतात चालतं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरांहून जास्त. तेच मिस्त्री कडी हातात येताच व्हर्निअर बाजूला ठेवून तिला नुसत्या अंगठ्यानं फिरवून पाहत आणि पुन्हा एक बारीक काप घेत. ०.७५ चा आटा आतून कापताना हत्यार दिसतही नाही, सगळं कानावर आणि हातावर चालतं. आवाज बदलला की ते थांबत, धातूचा कीस झटकत आणि पुन्हा सुरू करत. या हातांना ‘कामगार’ एवढंच म्हणून पुढे जाणं मला तेव्हापासून जमत नाही. आपल्या औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांत बसलेलं हे ज्ञान सहसा पुस्तकात सापडत नाही. ज्यांच्याकडे ते आहे त्यांना कोणीतरी शेजारी बसून विचारायला हवं, ते सांगतात ते लिहून घ्यायला हवं आणि कामाचे पैसे घासाघीस न करता द्यायला हवेत.

१०. चांगली बसलेली वस्तू तीच, जी हवी तेव्हा सहज निघते. घट्टपणा हेच ध्येय मानलं, तर गोंदाचा एक थेंब पुरेसा आहे. पण मग हूड उलटा करून पिशवीत ठेवता येत नाही, काच पुसता येत नाही, फिल्टर बदलता येत नाही. शिवाय हूडनं धक्का सोसून आधी स्वतः निखळायचं असतं. अगदी जाम बसलेला हूड तोच धक्का सरळ लेन्सच्या नळीत उतरवतो. म्हणून थोडी फट ही वस्तूची गरजच आहे, आणि दुरुस्ती म्हणजे ती फट योग्य मापावर आणणं. माझी कसोटी साधी आहे. कॅमेरा उलटा धरून हलवला तर हूड जागचा हलू नये, आणि एका हातानं, न बघता, तो चढवता-उतरवता यावा. दोन्ही जमलं की काम संपलं. त्यानंतर पॉलिश पेपर आणि टेप डब्यात जातात, कारण भरतीची वेळ कोणासाठी थांबत नाही आणि ही सगळी खटपट ज्यांच्यासाठी केली ते पक्षी पाणी चढू लागलं की जागा बदलतात.